धावून जाणारी शकुबाई

शकुबाई लांजेवार कुठे चालत गेल्याचं सानगडीत कोणी सांगणार नाही. ती धावतच गेली. गावात कुठून ओरडण्याचा आवाज आला की आधी शकुबाई पोचायची आणि मागून बाकीचं गाव. कोणाच्या घरात साप निघो, कोणाची लेक बाळंतपणात अडो, कोणाची म्हैस बोडीच्या गाळात फसो, हातातलं काम टाकून ती पदर खोचत निघायची. बोडी म्हणजे आमच्याकडचं शेतालगतचं लहान तळं. एकदा कणकेने माखलेल्या हातांनी धावली ती म्हैस काढूनच परतली, आणि तोवर घरातली कणीक शेजारच्या कुत्र्याने संपवली होती. त्या दिवशी घरच्यांनी मुरमुऱ्यांवर भागवलं. तक्रार कोणी केली नाही, कारण करून उपयोग नव्हता.

शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन भाऊ काठ्या घेऊन एकमेकांवर उठले होते, तेव्हाही पहिली तीच पोचली. धाकट्याला आडवा पाडून ती त्याच्या अंगावर ठाण मांडून बसली आणि पोलीस येईपर्यंत उठली नाही. तो धाकटा पुढे सरपंच झाला. अजूनही शकुबाई समोरून आली की तो रस्त्याची दुसरी बाजू धरतो.

"मानूस बोंबलून राहिला आन् आपण बसून राहाचं, हे कोनतं मानूसपन?" असं ती म्हणायची. यावर वाद घालण्याची कोणाची टाप नव्हती. धानाच्या रोवण्यातही बायकांच्या टोळीत तीच पहिली. रोवण्यात बायका ओळीने वाकतात आणि रोपं लावत मागे-मागे सरकत जातात. शकुबाईची ओळ कधी वाकडी झाली नाही, आणि बांधीचा, म्हणजे धानाच्या वाफ्याचा, शेवट आला हे पाहायला तिने कधी मान वळवली नाही. तिचे पाय उलटे चालले ते एवढ्याच कामात.

हे सगळं मला तिनेच सांगितलं आहे, त्यामुळे थोडा मीठमसाला धरून चाला. मी राखी. दवाखान्यात सिस्टर आहे. आमचा दवाखाना एका ट्रस्टचा, रस्त्याला लागून, मागे धानाच्या बांध्या. त्यात आठवी ते बारावीच्या वयाच्या मुलामुलींसाठी मनाच्या आजारांचा एक लहानसा वॉर्ड आहे. मुलांसोबत घरच्या एका माणसाला राहावंच लागतं. म्हणजे आजारी एक आणि काळजीने आजारी पडलेलं दुसरं, अशी आमच्याकडची जोडी असते.

शकुबाईला या वॉर्डात मावशी म्हणून घेतलं ते तिच्या हातांसाठी. तिचा एक पंजा माझ्या दोन पंजांएवढा आहे. एखादं पोरगं खवळलं, काही फेकलं, कोणावर धावून गेलं, की वॉर्डात आरडाओरड व्हायची आणि सगळे धावायचे. मावश्या, चौकीदार, स्वयंपाकघरातल्या बायका, कधी दुसऱ्या रुग्णांचे नातेवाईकसुद्धा. शकुबाई सगळ्यांच्या पुढे. ती धरायची, बाकीचे पाय दाबायचे, कापडी पट्ट्यांनी हात खाटेला बांधले जायचे, इंजेक्शन दिलं जायचं. मग तीच शकुबाई त्या पोराच्या उशाशी बसून त्याच्या कपाळावर हात फिरवायची, घरून आणलेले उकडलेले शिंगाडे सोलून भरवायची. तिला यात काही विसंगत वाटत नव्हतं. पोरगं संकटात होतं, ती धावून गेली. बस्स.

मग कापगते डॉक्टर आले. अनुप कापगते, लाखनीकडचे, अंगाने काडी, चष्मा मोठा. त्यांनी आल्या आल्या लाखांदूरला एक तपासणी शिबिर घेतलं आणि तिथे एका बाईला शब्द देऊन टाकला. तो शब्द आम्हाला कळला तो त्या बाईच्याच तोंडून.

तिचं नाव रुपा. लाखांदूरच्या एसटीने ती पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन उतरली. मुलगी हर्षा, दोन वेण्या, डोळ्यांखाली काळं, हात सतत ओढणीशी चाळा करणारे. उन्हाळ्यापासून तिची झोप उडाली होती. कानात कोणी तरी बोलतं, घरचे आपल्याला मारणार आहेत असं सांगतं, असं ती म्हणायची. कोणी अडवलं की हाताला येईल ते फेकायची. एकदा ती तळ्याकडे धावत सुटली, आणि तेव्हापासून तिचे मोठे बाबा, म्हणजे रुपाचे मोठे दीर ताराचंद, तिला गोठ्यातल्या खांबाला बांधून ठेवायला लागले. मी त्यांना राक्षस म्हणणार नाही. पोरगी पाण्यात जाईल या भीतीने त्यांचीही झोप उडाली होती. पण हर्षाच्या मनगटांवरचे वळ मी पाहिलेत, त्यामुळे मी त्यांना संतही म्हणणार नाही.

"आमचे भाऊजी म्हनत होते, दवाखान्यात बी बांधतेच न, मंग घरी काय वाईट आहे," रुपा मला म्हणाली. "रोवण्याच्या दिवसात दोन मानसं कायले अडकवाची, म्हनत. मी म्हटलं, तिथं नाही बांधत. शिबिरातल्या डॉक्टरसायबानं सांगतलं. बांधलं त दुसऱ्या दिवशी घेऊन येईन, असं बोलून आली मी."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर खिडकीबाहेरच्या बांध्यांकडे फार मन लावून पाहत होते.

माझं डोकं सणकलं. वॉर्ड आम्ही सांभाळणार, चावे आम्ही खाणार, आणि शब्द देऊन हे मोकळे! पण शब्द दिला गेला होता, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला एक गोठा होता. हर्षाला इथे एकदा जरी बांधलं, तर रुपा घरातला वाद हरणार होती, औषध अर्धवट सुटणार होतं आणि पोरगी पुन्हा त्या खांबाशी जाणार होती. हे आम्हा सगळ्यांना त्याच दिवशी कळलं. शकुबाईलाही.

डॉक्टरांनी आम्हाला बाह्यरुग्ण विभागाच्या हॉलमध्ये जमवलं आणि नवी रीत समजावली. आरडाओरड झाली की सगळ्यांनी धावायचं नाही. एकानेच जायचं, चालत. बाकीच्यांनी इतर मुलांना दुसरीकडे न्यायचं. जाणाऱ्याने दोन हात लांब राहायचं, थोडं तिरकं उभं राहायचं, हात खाली आणि मोकळे ठेवायचे, आवाज खाली. ते पोरगं पुढे आलं तर आपण मागे सरकायचं, पण पाठ फिरवायची नाही. अडवायचं नाही, विचारायचं: बाहेर जायचं का, पाणी पाहिजे का, एकटं बसायचं का. हात धरणं हा सगळ्यात शेवटचा उपाय, तोही कोणाला खरोखर इजा होणार असेल तरच, आणि डॉक्टरांना बोलावून.

"समजा, मी खवळलेला पेशंट आहे," असं म्हणून त्यांनी जोरात आरोळी ठोकली.

पुढचं फार भराभर झालं. हॉलच्या मागच्या टोकाला उभी असलेली शकुबाई कधी सुटली ते कोणी पाहिलंच नाही. आम्ही पाहिलं तेव्हा डॉक्टर जमिनीवर होते, चष्मा बाकाखाली होता आणि शकुबाई त्यांचे दोन्ही हात एका पंजात धरून बसली होती.

"शकुबाई," डॉक्टर खालून म्हणाले, "तुमी मले वाचवून राहिल्या का मारून राहिल्या?"

सगळे हसले. शकुबाई ओशाळून उठली, त्यांचा शर्ट झटकला, पण तिला पटलं नव्हतं. "सायेब, आवाज आला आन् आपण जागच्या जागी बसाचं? लोकं काय म्हनतीन?"

"तुम्ही एकट्या कोपऱ्यात आहात, घाबरल्या आहात, आणि पाच जण तुमच्यावर धावून आले, तर कसं वाटेल?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाच जन मायासाठी धावून आले त मले त बरं वाटंन," शकुबाई म्हणाली. ती थट्टा करत नव्हती. तिच्या सगळ्या आयुष्यात धावत येणारा माणूस हा मदतीलाच येणारा माणूस होता. आमच्या भागात न धावणाऱ्याला लोक नावं ठेवतात. डॉक्टरांनी वाकून बाकाखालचा चष्मा काढला. मला वाटतं, त्यांच्याही आईने त्यांना हेच शिकवलं असणार.

पहिला प्रसंग यायला वेळ लागला नाही. दुपारच्या जेवणाच्या वेळी हर्षाला व्हरांड्यात जायचं होतं. दार बंद दिसलं की तिचं डोकं फिरायचं. दाराला कुलूप, किल्ली चौकीदार गुलाबच्या खिशात, आणि गुलाब रस्त्यापलीकडे चहा पीत उभा. हर्षाने आधी विचारलं, मग दार हलवलं, मग हातातलं ताट भिंतीवर मारलं. ताटाचा खणखणाट झाला आणि शकुबाईच्या डोक्यातून डॉक्टर, चष्मा, दोन हात अंतर, सगळं उडालं. ती धावली. ती धावली म्हणून स्वयंपाकघरातल्या दोघी धावल्या आणि कप हातात घेऊन गुलाबही धावला. हर्षा भिंतीला पाठ लावून किंचाळली. तिने शकुबाईच्या दंडाचा कडकडून चावा घेतला. शकुबाईने तिची दोन्ही मनगटं आवळली, आणि जुन्या सवयीने तिच्या तोंडून निघालं, "शिस्टर, पट्ट्या आना!"

रुपा खाटेशी उभी होती. ती रडली नाही, भांडली नाही. वाकून तिने खाटेखालची पिशवी काढली आणि त्यात हर्षाचे कपडे भरायला लागली.

"शकुबाई, सोडा तिला," मी म्हणाले. ऐकू गेलं नाही म्हणून ओरडून म्हणाले. शकुबाईने माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे पाहिलं, आणि हात सोडले. मी गुलाबकडून किल्ली घेतली आणि बाकीच्यांना बाहेर पिटाळलं. दार उघडलं. हर्षा व्हरांड्यात जाऊन खांबामागे कितीतरी वेळ उकिडवी बसून राहिली.

पट्ट्या निघाल्या नव्हत्या. रुपा अर्धी भरलेली पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. "नाही बांधलं मनून थांबली," ती म्हणाली. "पट्टी दिसली असती त आता एसटीत बसली असती."

संध्याकाळी डॉक्टरांनी सगळ्यांना चहाला बसवलं. मला वाटलं होतं आता ते झाडणार. त्यांनी एवढंच विचारलं, "सुरुवात कुठून झाली?" सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी गुलाब म्हणाला, "मायाच चहापासून झाली जी." तेव्हापासून व्हरांड्याची किल्ली वॉर्डात, माझ्या कमरेला. पोरांनी मागितलं की दार उघडायचं. इतकी साधी गोष्ट आधी का सुचली नाही, याचा मला अजून राग येतो.

शकुबाई चहाला आली होती, पण प्यायली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती हर्षाजवळ जायचीच नाही. लांबूनच पाणी ठेवायची आणि परतायची. हर्षाच्या मनगटांवर जुन्या वळांच्या वर नवी लाली होती, आणि ती शकुबाईच्या बोटांची होती.

शेवटी पोरगीच बोलली. शकुबाई दुसऱ्या एका मुलीचे केस विंचरत व्हरांड्यात बसली होती. हर्षा थोड्या अंतरावर येऊन टेकली आणि तिच्या दंडाकडे बोट करून म्हणाली, "मावशी, दुखते का?"

"दात चांगले आहे तुये," शकुबाई म्हणाली.

हर्षा थोडं हसली. मग स्वतःच सरकून पुढ्यात आली आणि वेण्या सोडून बसली. शकुबाईने तेल घेतलं. मी आत औषधं काढत होते, खिडकी उघडी होती, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. कान देऊन ऐकत होते म्हणा हवं तर.

"मावशी, तू काहून धावत येते?"

"तुयासाठीच न, पोरी. आपलं मानूस समजून धावते मानूस."

हर्षाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मोठे बाबा बी धावतच ये," ती म्हणाली. "आधी पायाचे आवाज येत. मंग आजूबाजूचे सगळे येत. मंग दोर ये. आता कोनी बी धावलं न, त मले दोरच दिसते."

फणी थांबली. शकुबाईने केस तसेच हातात धरून ठेवले. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही, कारण हात तेलाचे होते. नवरा गेला तेव्हाही एवढं वाईट वाटलं नव्हतं, असं ती मला नंतर म्हणाली. मला ते खरं वाटलं, कारण नवऱ्याबद्दल तिचं मत पहिल्यापासूनच बेताचं होतं.

"माये पाय असे वाजते का, शिस्टर?" तिने मला विचारलं. डॉक्टरांना जे हॉलभर माणसं जमवून पटवता आलं नव्हतं, ते आता तिला कळलं होतं, आणि ते कळून तिला मुळीच बरं वाटत नव्हतं.

धावणाऱ्या बाईने न धावायला शिकणं म्हणजे काय, ते आमच्या वॉर्डाने डोळ्यांनी पाहिलं. स्वयंपाकघरात वाटी पडली तरी शकुबाई अर्धी उठायची. "बसा, वाटी आहे," मी म्हणायचे. ती बसायची. रस्त्यावर ट्रकचं टायर फुटलं तर ती दारापर्यंत जाऊन परत यायची. एखादं पोरगं आवाज चढवायला लागलं की ती खिडकीचे गज धरून उभी राहायची, आणि आत ज्याची पाळी असेल तो एकटा हळूहळू जायचा. गज धरलेली तिची बोटं पांढरी पडायची. पोरांना यात भारी मजा वाटायला लागली. कोणी जरा मोठ्याने बोललं की दुसरा कोणी तरी हळूच म्हणायचा, "मावशी, ब्रेक!" शकुबाई शिव्या घालायची, पण थांबायची. चपला काढून ती अनवाणी फिरायला लागली. पायांचा आवाज होऊ नये म्हणून, हे मला तिने सांगितलं नाही, मीच ओळखलं.

हर्षाला औषध हळूहळू लागू पडत होतं. रात्रीची झोप येऊ लागली होती. कानातले आवाज थोडे लांब गेलेत, असं ती सांगायची. पण अजून पाय घट्ट रोवलेला नव्हता, आणि नेमके तेव्हाच ताराचंद आले.

श्रावण लागला होता. दवाखान्यामागच्या बांध्यांमधून रोवणा जोरात चालला होता. ताराचंद सकाळचं काम टाकून एसटीने आले असावेत, पोटऱ्यांवर चिखल वाळलेला होता. खांद्यावर दुपट्टा. रुपा त्यांना पाहताच उठून उभी राहिली आणि पदर डोक्यावर घेतला.

"चाल आता," ते म्हणाले. आवाजात राग कमी, थकवा जास्त होता. "रोवणा अर्धा पडून आहे. हे बांधत असतीन त आपलं घर काय वाईट? आन् बांधत नसतीन त सांभाळते कसे, तेच मले समजत नाही."

तेवढ्यात हर्षा न्हाणीघरातून ओले केस पुसत बाहेर आली. तिने मोठ्या बाबांना पाहिलं, खांद्यावरचा दुपट्टा पाहिला. हातातला टॉवेल पडला. ती जिवाच्या आकांताने ओरडली. बाजूला सलाइनचा स्टँड उभा होता, तो तिने दोन्ही हातांनी उचलला.

"धरा तिले! धावा कोनी!" ताराचंद ओरडले आणि स्वतःच धावले. खांद्यावरचा दुपट्टा त्यांच्या हातात कधी आला, त्यांनाही कळलं नसेल.

मी आडवी गेले, पण त्यांना अडवलं ते मी नाही. मोठ्या दिरासमोर पदर ढळू न देणारी रुपा त्यांच्या वाटेत उभी राहिली. तिने तो दुपट्टा मुठीत घट्ट धरला आणि म्हणाली, "नाही भाऊजी. इथं नाही." गुलाबने त्यांना हळूच बाजूला घेतलं. मी बाकीच्या पोरांना आतल्या खोलीकडे वळवलं.

"धावा कोनी" ही हाक शकुबाईने ऐकली होती. ती हर्षाच्या पलीकडे, व्हरांड्याच्या दाराशी होती. दोन पावलं ती धावलीच. मग आतल्या खोलीतून कोणाचा तरी बारीक आवाज आला, "मावशी, ब्रेक..." या वेळी त्या आवाजात मजा नव्हती. शकुबाई जागच्या जागी थांबली. तिने एक मोठा श्वास घेतला, आणि मग चालत, तिरकी होऊन, दोन हातांच्या अंतरावर येऊन उभी राहिली.

"हर्षा, मी शकुमावशी. मी एकटीच आहे. दार उघडं आहे, पाह्य. बाहेर जाचं न तुले?"

हर्षाने स्टँड फिरवला. शकुबाई वाकली आणि एक पाऊल मागे सरकली. हर्षा एक पाऊल पुढे आली. शकुबाई आणखी एक मागे. वाकलेली ती वाकलेलीच राहिली, हात खाली, तळवे मोकळे. ती काही तरी हळू बोलत होती, मला शब्द ऐकू येत नव्हते. अशीच ती दारातून मागे गेली, व्हरांडा मागे-मागे ओलांडला, पायरी उतरली. पायरी कुठे आहे हे तिने वळून पाहिलं नाही. मी ती पडण्याची वाट पाहत होते. ती पडली नाही. अंगणात घोट्याएवढा चिखल होता, ती त्यातही तशीच सरकत राहिली. स्टँड उगारलेली हर्षा तिच्या मागोमाग, एकेक पाऊल.

अंगणाच्या मध्यावर हर्षा थांबली. तिने शकुबाईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. कमरेत वाकलेली, पाय चिखलात, हात पोटऱ्यांशी. पलीकडच्या बांधीत बायकांची ओळ अगदी तशीच वाकून मागे सरकत होती.

"मावशी," हर्षा म्हणाली, "तू रोवणा करून राहिली का?"

शकुबाईने स्वतःकडे पाहिलं. "हो बाप्पा," ती म्हणाली. "रोपं तेवढे विसरली."

हर्षाचं तोंड वेडंवाकडं झालं. ती हसतेय की रडतेय ते मला इतक्या लांबून कळेना. बहुतेक दोन्ही होतं. "मले दोर नको, मावशी," ती म्हणाली.

"दोर नाही. पाह्य." शकुबाईने दोन्ही पंजे पुढे करून दाखवले. ते रिकामे होते.

हर्षाने स्टँड चिखलात टेकवला आणि पायरीवर येऊन बसली. शकुबाई तिच्या पायरीवर बसली नाही, दोन पायऱ्या खाली बसली. मी पाणी नेऊन ठेवलं. डॉक्टर आले तेही चालतच आले, आणि मला ठाऊक आहे की त्यांना धावायचं होतं. त्यांनी गोळी तळहातावर ठेवून विचारलं, "घेशील?" हर्षाने ती स्वतःच्या हाताने घेतली.

ताराचंदांनी हे सगळं व्हरांड्यातून पाहिलं. मग शकुबाई हात धुवायला आली तेव्हा त्यांनी विचारलं, "दोर कुठं ठेवता तुमी?"

"नाही जी," ती म्हणाली.

"आमच्याकडं त सगळी आळी लागे," ते म्हणाले. त्यांनी रुपाच्या मुठीत राहून चुरगळलेला दुपट्टा उलगडला, त्याने तोंड पुसलं आणि तो खांद्यावर नीट टाकला. हर्षाजवळ ते गेले नाहीत, डॉक्टरांनीच आज नको म्हणून सांगितलं होतं. जाताना रुपाला म्हणाले, "तू राहा इथंच. रोवणा पाहून घेऊ आमी." रुपाने त्या संध्याकाळी पिशवीतले कपडे काढून खाटेशेजारच्या कपाटात लावले. आल्यापासून पहिल्यांदा.

यानंतर आमचा वॉर्ड स्वर्ग झाला, असं मी सांगणार नाही. पुढेही एका मुलाने काच फोडली तेव्हा त्याचे हात धरावे लागले, इंजेक्शन द्यावं लागलं. पण धरणारे दोघंच होते, तो शांत होताच सोडलं, आणि नंतर चहाला बसून आम्ही सुरुवात कुठून झाली ते शोधलं. पट्ट्या ड्रेसिंगच्या सामानात गेल्या आणि आता जखमा बांधायला वापरल्या जातात. शकुबाई नव्या मावश्यांना मागे सरकायला शिकवते. त्या खाटांना धडकतात, मग ती म्हणते, "मान नको वळवू, पायानं पाह्य."

हर्षा घरी निघाली तेव्हा बाहेर धान हिरवंगार झालं होतं. ताराचंदांनी दोनदा येऊन डॉक्टरांशी बोलणं केलं होतं, दुसऱ्या वेळी हर्षासमोर बसून चहाही घेतला होता. निरोपाच्या वेळी शकुबाई मागच्या बाजूला चादरी धुवायच्या निमित्ताने दडून बसली. तिला निरोप झेपत नाहीत. मायलेकी रस्त्यापलीकडच्या थांब्यावर गेल्या, आणि मी खाट आवरायला घेतली तर उशाशी औषधांची पिशवी तशीच पडलेली.

"शकुबाई!" मी बोंब मारली. "औषधं राहिली! गाडी आली!"

एवढे दिवस आवरून धरलेली शकुबाई सुटली. पिशवी माझ्या हातातून ओढून ती फाटकातून रस्त्यावर धावली. ओले पाय डांबरावर थपथप वाजत होते. मी फाटकाशी पोचले तेव्हा हर्षा आमच्याकडे पाठ करून उभी होती. ते पाय तिला ऐकू आले. तिचे खांदे आखडले, मला इथून दिसले.

शकुबाईलाही दिसले. भर रस्त्यात ती एकदम थांबली, पिशवी छातीशी धरून, धापा टाकत. एक ऑटोवाला तिला वळसा घालून शिवी देत गेला. ती हलली नाही.

हर्षा सावकाश वळली. तिने मावशीला पाहिलं, पिशवी पाहिली, मागे सुटायला आलेली गाडी पाहिली.

"थांबली काहून, मावशी?" ती ओरडली. "ये न, धाव!"

आणि शकुबाई धावली.